विझलेल्या तबकडीतलं रेडियम

(नभोवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

अंधारात चमकेल त्याला रेडियम म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. मोटारसायकलची नंबरप्लेट करून देणारा तो रेडियमवाला. ट्रकच्या मागची लाल-पिवळी पट्टी रेडियमची. मुलांच्या खोलीत छताला चिकटवलेल्या चांदण्या रेडियमच्या आणि देवघरातली रात्री हिरवट दिसणारी छोटी मूर्तीही रेडियमचीच. खरं पाहता यांतल्या एकाही वस्तूत रेडियम नसतं. नंबरप्लेटवरची पट्टी मागून येणाऱ्या गाडीच्या दिव्याचा उजेड परत पाठवते, एवढंच. चांदण्या दिवसा उजेड साठवतात आणि रात्री थोडा थोडा सोडून देतात. दोन्हींत भिण्यासारखं काही नाही.

मग हा शब्द आला कुठून? माझा अंदाज असा की, तो घड्याळाच्या तबकडीवरून आला असावा. एके काळी रात्री वेळ दाखवणाऱ्या घड्याळांच्या काट्यांवर आणि आकड्यांवर खरोखरचं रेडियम असायचं. ती घड्याळं मागं पडली, शब्द मात्र आपल्याकडे राहिला आणि निरुपद्रवी वस्तूंना चिकटला. याचा एक तोटा झाला. रेडियम म्हटलं की आता कुणालाही दचकायला होत नाही.

हे सगळं मला आठवायचं कारण म्हणजे पुतण्याच्या मुलाचा फोन. तो पुण्यात इंजिनिअरिंगला आहे आणि जुन्या घड्याळांचा त्याला नाद आहे. रविवारी जुन्या बाजारात जायचं, चादरीवर मांडलेल्या ढिगातून एखादं चावीचं घड्याळ निवडायचं, घासाघीस करायची, घरी आणून खटपट करत बसायचं. चांगला नाद आहे, मला कौतुक आहे त्याचं. तर तो म्हणाला, "आजोबा, एक मस्त पलटणीतलं घड्याळ मिळालंय. काळी तबकडी, मोठे आकडे. पण रेडियम मेलंय. सगळं खरवडून काढून नवीन भरायचंय. तुमच्या मामांचं दुकान होतं ना? ते कशानं खरवडायचे?"

मी विचारलं, "कुठं बसलायस?"

"इथंच, जेवणाच्या टेबलावर."

"झाकण उघडलंस?"

"नाही अजून."

"मग उघडू नकोस. मी सांगतो ते आधी ऐक."

त्याला जे सांगितलं, तेच आज जरा सविस्तर सांगतो. कारण हा नाद हल्ली बऱ्याच जणांना लागलेला दिसतो आणि ज्यांना नाद नाही त्यांच्याही कपाटात आजोबांचं एखादं घड्याळ असतंच.

माझे मामा साताऱ्यात घड्याळजी होते. सातारा जिल्ह्यात गावोगावची माणसं पलटणीत. दुसरं महायुद्ध संपल्यावर जी मंडळी परत आली, त्यांच्यातल्या काहींच्या मनगटावर काळ्या तबकडीची स्विस घड्याळं होती. ती तेलपाण्याला मामांकडे यायची. सुट्टीत मी दुकानात बसायचो. मामा डोळ्याला भिंग लावून चिमट्यानं काटे उचलायचे, आकड्यांवरचा पिवळा पडलेला, पोपडे धरलेला लेप बारीक पातीनं खरवडायचे आणि मग तबकडीवर हलकेच फुंकर मारायचे. ती पूड उन्हाच्या तिरपेत उडताना मी पाहिलेली आहे. काढलेल्या तबकड्या आणि काटे एका बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकून ठेवायचे. कधी लागल्या तर असाव्यात म्हणून. पुढं मी पदार्थविज्ञान शिकलो, तीस वर्षं कॉलेजात शिकवलं, अल्फा-बीटा-गॅमा फळ्यावर कितीदा लिहिलं असेल. पण त्या फुंकरीचा आणि फळ्यावरच्या अक्षरांचा संबंध जोडायला मला फार उशीर लागला. तो डबा कुठं होता, ते पुढं सांगतो.

आधी त्या लेपात काय असतं ते पाहू. १८९८ साली मेरी आणि पिएर क्यूरी यांनी रेडियम शोधून काढलं. ते आपोआप, सतत किरण बाहेर टाकतं. थोड्याच वर्षांत लोकांच्या लक्षात आलं की, रेडियमचा क्षार कणभर घेऊन जस्ताच्या सल्फाइडच्या पुडीत मिसळला तर ती पूड अंधारात हिरवट चमकते. रेडियममधून सुटणारा अल्फा कण सल्फाइडच्या स्फटिकावर आपटतो आणि प्रकाशाचा एक बारीकसा ठिपका उमटतो. असे हजारो ठिपके दर सेकंदाला. त्यात डिंकासारखं काहीतरी घातलं की झाला रंग. त्याला ना उन्हात ठेवायला लागतं, ना बॅटरी लागते. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकाला काडी न पेटवता वेळ कळायला हवी होती आणि तिथून या घड्याळांचा धंदा फोफावला.

इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्या, बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. या लेपात दोन पदार्थ आहेत आणि दोघांचं आयुष्य वेगळं आहे. जस्ताचं सल्फाइड अल्फा कणांचा मारा खाऊन खाऊन काही वर्षांत थकतं. स्फटिक बिघडतात, उजेड मंदावतो आणि शेवटी बंद होतो. रेडियमचं तसं नाही. ते निम्मं व्हायला सोळाशे वर्षं लागतात. म्हणजे ऐंशी वर्षांपूर्वीच्या घड्याळातलं शंभरातलं जवळजवळ सत्याण्णव हिस्से रेडियम आजही तिथंच आहे. घड्याळजी म्हणतात 'रेडियम मेलं'. मेलं ते सल्फाइड. रेडियम अजून आपलं काम करतंय, ते दाखवणारा दिवा तेवढा फुटलाय. त्यामुळे 'आता ते चमकत नाही, म्हणजे निर्धोक' हे उलटं आहे. उलट, न चमकणाऱ्या घड्याळातला लेप जुना, ठिसूळ, पोपडे सुटलेला असतो आणि तोच लवकर पूड होतो.

या पुडीनं काय होतं ते जगाला कळलं ते अमेरिकेतल्या मुलींमुळे. ही गोष्ट काहींनी वाचली असेल. न्यू जर्सी राज्यातल्या ऑरेंज गावात १९१७ च्या सुमाराला तबकड्या रंगवण्याचा कारखाना सुरू झाला. कामाला बहुतेक पोरीच, काही तर अठराच्याही आतल्या. आकडे इतके बारीक की, कुंचल्याचं टोक सुईसारखं लागे. म्हणून कुंचला ओठांत धरून टोक करायचं, रंगात बुडवायचा, आकडा रंगवायचा, पुन्हा ओठांत. तसं करायला त्यांना शिकवलंच होतं. दिवसभरात शेकडो वेळा. त्यांना सांगितलं होतं की यात धोका काही नाही. काही मुली गंमत म्हणून नखांना, दातांना तो रंग लावून घरी जायच्या आणि अंधारात हसून दाखवायच्या. त्याच वेळी कारखान्यातले रसायनतज्ज्ञ मात्र शिशाचे आडोसे आणि चिमटे वापरत होते.

दोन-चार वर्षांनी त्यांचे दात दुखू लागले. दात काढला की जखम भरून येईना. जबड्याचं हाड कुजून तुकडे पडू लागले. रक्त आटलं, कुणाचं मांडीचं हाड चालता चालता मोडलं. कारण साधं आहे, रसायनशास्त्राच्या तक्त्यात रेडियम कॅल्शियमच्याच रांगेत बसतं. शरीर फसतं. पोटात गेलेल्या रेडियममधलं बरंचसं बाहेर पडतं खरं, पण जे रक्तात शिरतं त्यातला भाग शरीर कॅल्शियम समजून हाडात नेऊन ठेवतं. आणि मग आतून, आयुष्यभर, मारा सुरू राहतो. बाहेर असताना कागदानंही अडणारा अल्फा कण हाडात बसल्यावर कुणालाच अडवता येत नाही.

१९२५ साली तिथले शवचिकित्सक डॉक्टर हॅरिसन मार्टलंड यांनी हे रेडियमचंच काम आहे असं दाखवून दिलं. कंपनीनं हात झटकले होते. ग्रेस फ्रायर नावाच्या मुलीला वकील मिळायला दोन वर्षं लागली. १९२७ मध्ये तिनं आणि आणखी चौघींनी दावा लावला आणि १९२८ मध्ये तडजोड झाली. प्रत्येकीला दहा हजार डॉलर रोख, वर्षाला सहाशे डॉलर आणि औषधपाण्याचा खर्च. ग्रेस १९३३ मध्ये गेली. ज्या सॅबिन फॉन सोखोकी यांनी तो रंग तयार केला होता, ते तर तडजोडीच्या वर्षीच गेले, रक्त तयार होणं थांबून. इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावात दुसऱ्या एका कंपनीत हाच प्रकार सुरू होता आणि तिथल्या कॅथरीन डोनोह्यूला १९३८ मध्ये न्याय मिळाला तेव्हा ती अंथरुणाला खिळलेली होती. कामगारांच्या आजारासाठी मालकाला जबाबदार धरण्याच्या इतिहासात या बायकांचं नाव घेतलं जातं. त्यावर स्वतंत्र भाषण द्यावं लागेल.

मी ही हकीकत सांगितली की समोरचा माणूस घाबरून घड्याळ फेकून द्यायला निघतो. तेही नको. त्या बायकांनी रेडियम खाल्लं होतं, रोज, महिनोन्‌महिने. मनगटावर बंद घड्याळ बांधणारा माणूस काही खात नाही. आणि किती पोटात गेलं यानं किती फरक पडतो, याचीही मोजदाद झालेली आहे. अमेरिकेतल्या अर्गोन राष्ट्रीय प्रयोगशाळेनं या रंगवणाऱ्या बायकांचा आणि औषध म्हणून रेडियम घेतलेल्या लोकांचा कित्येक दशकं पाठपुरावा केला. (हो, औषध म्हणूनही घ्यायचे! 'रॅडिथॉर' नावाचं रेडियमचं पाणी बाटलीत विकत मिळायचं. एबेन बायर्स नावाचा धनिक ते पिऊन पिऊन १९३२ मध्ये गेला.) अशा २३८३ जणांच्या शरीरातलं रेडियम मोजलं गेलं. त्यांत हाडाच्या कर्करोगाचे ६४ रोगी निघाले आणि ते सगळेच्या सगळे ज्यांच्या हाडांना फार मोठी मात्रा मिळाली होती अशा २६४ जणांतले होते. उरलेल्या २११९ जणांत हाडाची गाठ एकालाही नव्हती.

या आकड्यांवरून दोन गोष्टी दिसतात. एकदा चुकून तबकडीला बोट लागलं म्हणून रात्रभर जागायचं कारण नाही. आणि माझे मामा एक्क्याऐंशी वर्षं जगले, हृदयविकारानं गेले, यावरून फुंकर मारणं निर्धोक होतं असंही सिद्ध होत नाही. मामांच्या शरीरात किती गेलं ते कुणी मोजलं नाही. एका माणसाच्या आयुष्यावरून असल्या बाबतीत काहीच ठरत नाही, ना इकडे ना तिकडे. मामांचा विषय निघाला की आमच्याकडे कुणीतरी म्हणतंच, "त्यांना कुठं काय झालं?" बिडी ओढणारे नव्वदीचे आजोबाही प्रत्येक गावात एक असतातच.

तेव्हा प्रश्न असा विचारायला हवा की, घड्याळ बंद आहे की उघडं? माझ्या मते या दोन अगदी निरनिराळ्या वस्तू आहेत.

बंद घड्याळाचं पाहू. मनगटी घड्याळात रेडियम किती असतं? साधारण एक मायक्रोक्यूरीच्या दहाव्या हिश्शापासून एक मायक्रोक्यूरीपर्यंत. वजनात म्हणाल तर ग्रॅमचा दहा लाखावा भाग किंवा त्याहून कमी. ऐकायला काहीच नाही. पण एक मायक्रोक्यूरी म्हणजे दर सेकंदाला सदतीस हजार अणूंचा स्फोट. अल्फा कण काचेत अडतात, बीटाही बरेचसे काच आणि पोलाद अडवतं. गॅमा किरण मात्र आरपार येतात. मनगटाला आणि अंगाला त्यांची थोडी मात्रा मिळते. माती, दगड, हवा आणि आकाश यांच्यापासून प्रत्येक माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतातच. अधूनमधून एखादं बंद घड्याळ वापरणाऱ्याच्या वाट्याला त्यात थोडीशी भर पडते. रोज, वर्षानुवर्षं मीही घालणार नाही आणि उशाशी ठेवून झोपणार नाही, तान्ह्या मुलाला खेळायला तर अजिबात देणार नाही. पण लग्नाकार्याला आजोबांचं घड्याळ बांधलं तर बिघडलं नाही. अंतर हे यातलं सर्वात स्वस्त औषध. हातभर लांब ठेवलेल्या एका घड्याळाचे किरण साध्या यंत्राला नेहमीच्या पार्श्वभूमीतून वेगळे ओळखताही येणं कठीण जातं.

आता उघडं घड्याळ. १९४१ मध्ये अमेरिकेत रॉब्ले इव्हान्स या शास्त्रज्ञाच्या पुढाकारानं मर्यादा ठरली की, कामगाराच्या शरीरात मुरलेलं रेडियम एक मायक्रोक्यूरीच्या दहाव्या हिश्शाहून जास्त असू नये. म्हणजे आयुष्यभराची जी मर्यादा, तेवढं किंवा त्याहून जास्त रेडियम एकाच तबकडीवर बसलेलं असू शकतं. ते सगळं काही कुणी गिळत नाही आणि गिळलं तरी सगळं अंगात मुरत नाही, हे कबूल. पण पातीनं खरवडून पूड करायची, ती टेबलावर सांडायची, फुंकरीनं हवेत उडवायची, त्याच टेबलावर संध्याकाळी पोळी वाढायची, हा उद्योग कशासाठी? पुतण्याच्या घरी दीड वर्षाची मुलगी आहे. त्या वयात जे जमिनीवर सापडेल ते तोंडात जातं. मला खरी काळजी तिची वाटली, तिच्या दादाची त्या मानानं कमी.

हे घरात काम करण्याचं प्रकरण किती लांबतं, ते स्वित्झर्लंडला विचारा. घड्याळांच्या त्या देशात ज्यूरा पर्वताच्या पट्ट्यातल्या बायका घरी बसून तबकड्या रंगवायच्या, आपल्याकडे बायका विड्या वळतात तसं. तिथं कुंचला ओठांत धरायची रीत फारशी नव्हती, त्यामुळे अमेरिकेसारखा हाहाकार झाला नाही. १९६३ पर्यंत रेडियमचं हे काम तिथं चालू होतं. मग सगळे विसरले. २०१४ मध्ये बीएल शहराजवळ रस्त्याच्या कामात जुन्या कचऱ्यात रेडियम सापडलं आणि सरकार जागं झालं. त्यानंतर हजारावर घरं आणि जागा तपासल्या. शंभराहून अधिक ठिकाणी फरशा उखडून, बागेतली माती काढून सफाई करावी लागली. कुणाच्या तरी आजीनं पन्नास-साठ वर्षांपूर्वी स्वयंपाकघराच्या टेबलावर सांडलेली पूड होती ती.

बंद घड्याळाची एक वेगळी भानगडही आहे, ती संग्रह करणाऱ्यांसाठी सांगतो. रेडियमचा अणू फुटला की त्यातून रेडॉन नावाचा वायू तयार होतो. तोही किरणोत्सारी. रेडॉन श्वासातून आत जाऊन फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो, हे खाणकामगारांवरून पक्कं झालेलं आहे. जुन्या घड्याळाचं कवच काही हवाबंद नसतं, वायू झिरपतो. एक-दोन घड्याळं हवेशीर खोलीत असली तर त्याचं काही नाही, वाऱ्यावर जातो. पण २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या नॉर्दम्प्टन आणि किंग्स्टन विद्यापीठांच्या शास्त्रज्ञांनी तीस जुनी लष्करी घड्याळं एका लहान, हवा न खेळणाऱ्या खोलीत ठेवून मोजमाप केलं. तिथल्या रेडॉनची पातळी ब्रिटनमध्ये शिफारस केलेल्या पातळीच्या १३४ पट भरली. म्हणून संग्रह असेल तर तो झोपायच्या खोलीतल्या कपाटात नको. बाहेरच्या खोलीत, खिडकी उघडी राहील अशा जागी ठेवा आणि डबा उघडताना नाक त्यात घालू नका.

आता तुम्ही विचाराल, आमच्याकडचं घड्याळ रेडियमचं आहे हे ओळखायचं कसं? खात्रीचा मार्ग एकच, गायगर यंत्र. पण काही खुणा आहेत. घड्याळ १९७० च्या आधीचं असेल आणि आकड्यांवर किंवा काट्यांवर जाडसर, मातकट पिवळा ते तपकिरी लेप असेल तर रेडियम आहे असंच धरून चाला. काही तबकड्यांवर काटा वर्षानुवर्षं एकाच जागी थांबलेला असतो आणि त्याखाली त्याच आकाराचा काळपट डाग पडलेला असतो. ती किरणांची भाजणी. तबकडीच्या तळाशी सहाच्या आकड्याखाली 'स्विस' या शब्दाच्या आजूबाजूला इंग्रजी 'टी' अक्षर असेल तर तो ट्रिटियमचा लेप. १९६० नंतर हळूहळू रेडियमची जागा त्यानं घेतली. ट्रिटियम बारा-सव्वाबारा वर्षांत निम्मं होतं आणि त्याचे बीटा कण इतके दुबळे की काचेतून बाहेरच पडत नाहीत. ती घड्याळं आता बहुतेक खरीच विझलेली आहेत. (साध्या गायगर यंत्राला ट्रिटियम कळतही नाही, हेही लक्षात असू द्या.) आणि उजेडात धरल्यावर झगझगीत चमकून नंतर मंदावणारी अलीकडची घड्याळं स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटची. हा पदार्थ १९९३ च्या सुमाराला जपानमधून आला. त्यातलं स्ट्रॉन्शियम साधं आहे, किरणोत्सारी नव्हे. एक अडचण मात्र आहे. बाजारात मिळणाऱ्या पुष्कळ जुन्या घड्याळांवर मागाहून कुणीतरी नवा लेप थापलेला असतो. वरून छान चमकतं आणि जुन्या रेडियमची पूड तबकडीवर तशीच असते. त्यामुळे चमकतं म्हणून नवं, असंही समजू नये.

काच फुटली किंवा घड्याळ पडून उघडलं तर घाबरू नका. मुलांना दुसऱ्या खोलीत पाठवा. केरसुणी आणि व्हॅक्यूम क्लीनर दोन्ही नको, दोन्हींनी पूड उडते. हातमोजे घालून, नाकाला मास्क लावून ओल्या कागदानं टिपून घ्या. कागद आणि घड्याळ झिपच्या पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. मग साबणानं हात धुवा. एवढं पुरतं.

आणि नको असलेलं घड्याळ भंगारात घालू नका, जाळू तर मुळीच नका. रेडियम जळत नाही, राखेत उतरतं. स्कॉटलंडमध्ये डालगेटी बे या गावी युद्धानंतर मोडीत काढलेल्या विमानांच्या चमकत्या तबकड्या जाळून राख पुरून टाकली होती. १९९० मध्ये समुद्रकिनाऱ्यावर रेडियमचे कण सापडले आणि सफाई पुरी व्हायला २०२३ साल उजाडलं. भंगाराचं म्हणाल तर २०१० मधलं दिल्लीचं मायापुरी आठवा. एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतलं कोबाल्टचं जुनं यंत्र भंगारात गेलं आणि एका कामगाराचा जीव गेला. घड्याळाची आणि त्या यंत्राची बरोबरीच होऊ शकत नाही, ते यंत्र कैक पटींनी तीव्र होतं. पण भंगारवाल्याला आपण काय हातात देतो आहोत ते त्याला कळत नाही, हे दोन्हीकडे सारखं. आपल्याकडे किरणोत्सारी वस्तूंबाबत विचारायची जागा म्हणजे मुंबईतलं अणुऊर्जा नियामक मंडळ. एखाद्या घड्याळासाठी कुणी धावपळ करावी असं मी म्हणत नाही. ते पिशवीत घालून, वर चिठ्ठी लावून ठेवलं तरी चालतं. पण जुन्या दुकानाचा साठाच हाती आला तर विचारून घ्यायलाच हवं.

कारण तसा साठा माझ्याच घरात होता. मामांचं दुकान बंद झालं तेव्हा मामेभावानं आठवण म्हणून तो बिस्किटांचा डबा मला दिला होता. मी तो माळ्यावर टाकला. त्याच्या खाली माझी झोपायची खोली. अठरा वर्षं! पोरांना किरणोत्सर्ग शिकवून घरी यायचं आणि त्या डब्याखाली झोपायचं. पुतण्याच्या मुलाला फोनवर दटावून झाल्यावर मला स्वतःची लाज वाटली.

माझा एक जुना विद्यार्थी किरण सुरक्षेच्या क्षेत्रातच काम करतो. त्याला बोलावलं. तो यंत्र घेऊन आला. माळ्याच्या शिडीवर चढताना टिकटिक नेहमीसारखीच होती, डब्याजवळ हात नेला तशी ती वाढत गेली आणि झाकण उघडल्यावर पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज झाला. त्यानं लगेच झाकण लावलं. मला वाटलं होतं, मोठ्या तबकड्या असतील म्हणून. तो म्हणाला, "सर, तबकड्या तर आहेतच, पण तळाशी पूड साठलीय बघा." खोलीतली फरशी, पलंग, माळा सगळं त्यानं तपासलं. डब्याखालची फळी सोडून कुठं काही नव्हतं. फळीही काढली. मग रीतसर पत्रव्यवहार करून डबा योग्य जागी पोचवला. तीन महिने लागले. तोपर्यंत तो दोन पिशव्यांत बांधून गच्चीवरच्या पत्र्याच्या कपाटात होता आणि नातवंडांना गच्चीवर जायला बंदी होती.

पुतण्याच्या मुलानं घड्याळ ठेवलंय, विकलं नाही. न उघडता, काचेच्या बरणीत, दिवाणखान्याच्या वरच्या फळीवर. परवा त्याचा पुन्हा फोन आला. घड्याळ दिवसाला पाच मिनिटं मागं पडतंय, तेलपाणी करायला हवं. मी म्हटलं, "तू करू नकोस. घड्याळजीकडे दे, पण रेडियम आहे हे त्याला आधी सांग. तबकडी आणि काट्यांना हात न लावता फक्त मशीनचं काम करणार असेल तरच दे." तो तीन दुकानं हिंडला. पहिल्या दोघांनी घड्याळ हातात घेतलं, उजेडाकडे पाठ करून ओंजळीत धरलं, आत डोकावून पाहिलं आणि सांगितलं, "यात कुठं आलंय रेडियम? ते केव्हाच मेलंय." तिसऱ्यानं ते हातात घेण्याआधी खणातून हातमोजे काढले.